३३ सेकंद आणि न टेकलेला गुडघा : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

७ ऑक्टोबर २०२३, शनिवारची रात्र. फ्लोरिडातल्या मायामी गार्डन्समधल्या हार्ड रॉक स्टेडियमवर मायामी विद्यापीठ आणि जॉर्जिया टेक यांच्यात कॉलेज फुटबॉलचा सामना चालू होता. हे फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेटवालं. मायामी तोवर चारपैकी चार सामने जिंकून देशात १७व्या क्रमांकावर होती. जॉर्जिया टेकने पाचपैकी तीन गमावले होते. आदल्याच आठवड्यात ते बोलिंग ग्रीनसारख्या तुलनेने लहान संघाकडून घरच्या मैदानावर हरले होते, आणि त्या हारीनंतर बचाव सांभाळणाऱ्या प्रशिक्षकाच्या हातून सूत्रं काढून घेतली गेली होती. थोडक्यात, हा सामना मायामीने जिंकायचा, हे गृहीतच होतं.

आम्ही पाच जण अटलांटाच्या एका उपनगरात टीव्हीपुढे बसलो होतो. नावं देत नाही, ओळखीपुरतं सांगतो. घर ज्यांचं ते काका, ऐंशीच्या दशकात इथे आलेले आणि तेव्हापासून मायामीचे भक्त. जॉर्जिया टेकमध्ये एमएस करणारी एक मुलगी. सांगलीकडचा एक मित्र, जो कॉलेजात जिल्हा पातळीवर कबड्डी खेळला आहे आणि या खेळातलं त्याला फारसं कळत नाही. काकांचा मुलगा, वय वर्षं सतरा. आणि मी. पुढे जे वाद लिहिलेत ते त्या रात्रीचे आणि त्यानंतरच्या कित्येक शनिवारांचे आहेत. आमच्या घरात झाले तसेच ते बाहेरही झाले, यात शंका नाही.

मायामीचे मुख्य प्रशिक्षक मारिओ क्रिस्टोबाल यांची पाठराखण काका करत, त्याचं कारण समजून घ्यायला हवं. क्रिस्टोबाल मायामीचेच. शहरही हेच, विद्यापीठही हेच. १९८९ आणि १९९१ या दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदांच्या संघांत ते खेळाडू होते. २०२१च्या डिसेंबरात ऑरेगन विद्यापीठाच्या संघाचं प्रशिक्षकपद सोडून ते घरी परतले, तेव्हा गेलेले दिवस परत येतील असं मायामीच्या चाहत्यांना वाटलं. मुलगा घर सांभाळायला आला, असाच काहीसा तो भाव होता.

पेच

शेवटच्या मिनिटात मायामी २०-१७ अशी पुढे होती. चेंडू मायामीकडे. जागा जॉर्जिया टेकच्या ३० यार्ड रेषेवर. तिसरा डाऊन, दहा यार्ड बाकी. घड्याळात ३३ सेकंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जॉर्जिया टेककडे एकही टाइमआऊट उरला नव्हता.

खेळ न पाहणाऱ्यांसाठी इतकंच : चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, त्या प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. एक प्रयत्न संपला की पुढचा सुरू करायला संघाला ४० सेकंद मिळतात. मैदानाच्या आतच खेळ थांबला असेल तर मधल्या काळात घड्याळ पळत राहतं. ते थांबवायचा समोरच्याकडे एकच हमखास उपाय असतो, टाइमआऊट.

आता गणित. काकांच्या मुलाने ते पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणावर बॉलपेनने मांडलं. डावीकडे ३३, उजवीकडे ४०. क्वार्टरबॅकने, म्हणजे प्रत्येक डावात चेंडू आधी ज्याच्या हाती येतो त्या खेळाडूने, चेंडू घेऊन गुडघा जमिनीला टेकवायचा, खेळ तिथेच संपतो, घड्याळ चालू राहतं. दोन सेकंद त्यात गेले असं धरलं तर उरले ३१. पुढचा डाव सुरू करायला ४० सेकंदांची मुभा. ३१ आधी संपतात. सामना खलास. झाकणावर त्याने दोन्ही आकड्यांच्या मध्ये मोठं ‘पेक्षा कमी’चं चिन्ह काढलं आणि पेन ठेवून दिलं. तिसरीतलं गणित होतं.

सांगलीच्या मित्राने विचारलं, “म्हणजे निदान रेषा शिवायची आणि परत यायचं?” अगदी तेच. कबड्डीत दोन गुणांनी पुढे असलेल्या संघाची शेवटची तीस सेकंदांची चढाई असेल, आणि मागच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या नसतील, तर शहाणा चढाईपटू काय करतो? निदान रेषा ओलांडतो, उगाच हात फिरवतो, वेळ काढतो आणि मागे येतो. बोनसच्या मागे लागत नाही. कोपऱ्यातल्या रक्षकाच्या अंगाला तर जातच नाही. पकड झाली तर ओरडणारे आपलेच असतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, गुडघा टेकणे. त्याला इकडे विजयाची रचना म्हणतात. तीन-चार दांडगे खेळाडू क्वार्टरबॅकभोवती खेटून उभे राहतात, एक जण सावधगिरी म्हणून बराच मागे थांबतो. नकळत चेंडू सुटलाच तर त्याच्यासाठी.

दुसरा, धावपटूकडे चेंडू देऊन गर्दीत घुसणे.

तिसरा, पास. तो कुणाच्याही डोक्यात नव्हता, कारण पास हुकला की घड्याळ थांबतं.

खरी निवड पहिल्या दोघांतच होती. इथे मला एक गोष्ट नीट मांडायची आहे, कारण बहुतेक वाद तिला वळसा घालून जातात. दुसऱ्या पर्यायात मिळण्यासारखं काय होतं? समजा, धावपटू चार यार्ड गेला आणि चेंडू सांभाळून पडला. घड्याळात साधारण २६ सेकंद उरतात, तेही ४०पेक्षा कमीच. सामना संपला. म्हणजे डाव उत्तम यशस्वी झाला तरी जे पदरात पडणार ते गुडघा टेकूनही पडणारच होतं. दहाच्या दहा यार्ड मिळाले असते तर? कॉलेजच्या नियमांप्रमाणे सामन्याच्या प्रत्येक अर्ध्या भागाच्या शेवटच्या दोन मिनिटांत नवा पहिला डाऊन मिळाला की यार्ड मोजायची साखळी हलवेपर्यंत घड्याळ थांबतं. २०२३च्या हंगामापासून बाकी वेळी ते थांबेनासं झालं, पण शेवटच्या दोन मिनिटांत जुनाच नियम राहिला. म्हणजे फार छान धाव घेतली असती तर आपल्याच हाताने घड्याळ क्षणभर थांबलं असतं.

फायदा शून्य. धोका थोडा, पण शून्य नाही. असं असताना दुसरा पर्याय निवडला गेला.

काय घडलं

मायामीने धाव घेतली. धावपटू गर्दीत शिरला, पुढे सरकला, आणि खाली येता येता चेंडू सुटला. त्या मुलाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नोंदीत ते आहेच, पण या प्रकरणातला तो सगळ्यात कमी दोषी माणूस आहे आणि नाव मात्र त्याचंच लोकांच्या तोंडी राहिलं.

जॉर्जिया टेकने चेंडू आपल्या २६ यार्ड रेषेवर ताब्यात घेतला. २६ सेकंद बाकी. पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहिली. गुडघा आधी टेकला होता की चेंडू आधी सुटला, यावर घरात दोन मिनिटं श्वास रोखून बसलो. काका टीव्हीच्या इतके जवळ गेले की मागच्यांना त्यांच्या स्वेटरची पाठच दिसत होती. मैदानावरचा निर्णय कायम राहिला.

तरीही ७४ यार्ड जायचे होते. टाइमआऊट नाही. बरोबरीसाठी फील्ड गोल, म्हणजे पायाने चेंडू खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण, पुरेसा होता, पण त्या अंतरावर पोचणंसुद्धा अवघड. क्वार्टरबॅक हेन्स किंगने चार प्रयत्नांत काम केलं, त्यातल्या दोनांनी एक यार्डही दिला नाही. एक पास ३० यार्डांचा, मलिक रदरफर्डकडे. आणि शेवटचा ४४ यार्डांचा, क्रिश्चन लिअरीकडे. लिअरी मायामीच्या सगळ्या बचावाच्या पाठीमागे निघून गेलेला. टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन सहा गुण मिळाले, तेव्हा घड्याळात एक सेकंद होता. जॉर्जिया टेक २३, मायामी २०.

एमएसवाली मुलगी ओरडायला उठली, काकांकडे पाहिलं आणि परत बसली. मग हळूच स्वयंपाकघरात गेली. तिथून तिचा आवाज ऐकू आलाच.

चाहत्यांचा वाद

काकांचा पहिला बचाव ठरलेला होता : “चेंडू धरायला नको? शाळेतल्या पोराला सांगतात, दोन्ही हातांनी धर म्हणून.” हा मुद्दा खोटा नाही. पण तो मान्य केला तरी प्रश्न उरतोच की त्याच्या हातात चेंडू दिला कुणी आणि कशासाठी.

दुसरा बचाव जास्त हुशार होता. तो त्यांच्या मुलाने मांडला. फंबल, म्हणजे हातातला चेंडू सुटणं, विरळाच होतात. शंभर धावांत समजा एखादा. त्यानंतरही ७४ यार्ड २६ सेकंदांत जाणं ही पुन्हा शंभरात एखादी गोष्ट. दोन्ही एकत्र घडण्याची शक्यता किती? नगण्य. मग प्रशिक्षकाला दोष देणं म्हणजे निकाल पाहून निर्णयाला नावं ठेवणं नव्हे काय?

हा युक्तिवाद मी बराच काळ मनात घोळवला, कारण एरवी मी स्वतः तो वापरतो. चांगला निर्णय वाईट निकाल देऊ शकतो, हे खरंच आहे. चौथ्या डाऊनवर धाडस करून फसलेल्या प्रशिक्षकाच्या बाजूने मी अनेकदा भांडलो आहे. पण तिथे धाडसाच्या बदल्यात काहीतरी मिळणार असतं. इथे काहीच मिळणार नव्हतं. नगण्य धोकासुद्धा फुकट कशाला घ्यायचा? शिवाय ‘शंभरात एक’ हा सरासरी दिवसाचा हिशेब. या डावात समोरच्या अकरा जणांना माहीत होतं की धावपटूला अडवून उपयोग नाही, यार्ड गेले तर जाऊ देत, चेंडूच हवा. ते अडवायला येतच नव्हते, ओरबाडायला येत होते. आणि त्या रात्री मायामीच्या हातून चेंडू आधीच निसटत होता, क्वार्टरबॅकने तीन पास समोरच्यांच्या हातात दिले होते.

तिसरा सूर पंचांविरुद्ध. गुडघा आधी टेकला होता, चेंडू नंतर सुटला. चित्रफीत मी दहा वेळा तरी पाहिली असेल. प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, आणि तसं असलं की मैदानावरचा निर्णय कायम राहतो. मला हा वाद कंटाळवाणा वाटतो.

चौथा सूर बचावाविरुद्ध, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटला. तो मांडला सांगलीच्या मित्राने, ज्याला खेळ कळत नव्हता. “सगळ्यात मागचा माणूस सगळ्यात मागे नको का?” शेवटच्या क्षणी, समोरच्याकडे लांब फेकीशिवाय काही नाही हे ठाऊक असताना, एक खेळाडू सगळ्यांना मागे टाकून मोकळा राहतो ही स्वतंत्र चूक आहे. दोन निर्णय फसले, एक नाही. पण एक फरक आहे. बचावाची चूक धावपळीत, धाप लागलेली असताना, धक्क्यातून सावरता सावरता झाली. गुडघ्याची चूक शांतपणे झाली.

पाचवा सूर स्वभावाचा. क्रिस्टोबाल स्वतः आक्रमणाच्या पुढच्या रांगेत खेळलेले. समोरच्याला रेटत नेऊन सामना संपवायचा, ही त्यांची शिकवण. गुडघा टेकणं म्हणजे काकांच्या शब्दांत “पाठ दाखवणं”. जुन्या काळी खरंच असं मानत. ते बदललं १९ नोव्हेंबर १९७८ला, व्यावसायिक फुटबॉलमध्ये. न्यू यॉर्क जायंट्स फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध १७-१२ असे पुढे होते, चेंडू हातात, सेकंद मोजकेच. गुडघा टेकायचा सोडून त्यांनी धाव ठरवली. क्वार्टरबॅक जो पिसार्सिककडून चेंडू देताना सुटला, हर्म एडवर्ड्सने उचलला आणि टचडाऊन केला. ईगल्स १९, जायंट्स १७. आक्रमण सांभाळणारे प्रशिक्षक बॉब गिब्सन यांची दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली. विजयाची रचना सर्रास झाली ती त्यानंतर. म्हणजे २०२३ साली हा धडा ४५ वर्षांचा झाला होता.

निर्णयाचे क्षण

माझ्या मते हे प्रकरण चुकीच्या निर्णयाचं नाहीच. निर्णय झालाच नाही, असं ते प्रकरण आहे. पुढे असलो की धावायचं, ही सवय. सवयीने डाव मागवला, सवयीने तो मैदानात गेला, सवयीने खेळला गेला. मधे कुणीतरी घड्याळाकडे बोट दाखवून “थांबा” म्हणायला हवं होतं. सामन्यानंतर क्रिस्टोबाल यांनी मान्य केलं की गुडघा टेकायला हवा होता आणि तसं त्यांनी सांगायला हवं होतं. सबबी दिल्या नाहीत, हे नोंदवायला हवं.

मग तो “थांबा” म्हणणारा माणूस कोण? मैदानाकडेला प्रशिक्षकांची रांग असते. वर काचेच्या खोलीत आणखी काही जण कानाला हेडफोन लावून बसतात. खुद्द क्वार्टरबॅकलाही घड्याळ दिसतं. इतके जण असताना गप्प बसणं सोपं होतं, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने हिशेब केला असेल. लग्नघरात गॅस बंद केला का, हे असंच राहून जातं.

एमएसवाली म्हणत होती की क्वार्टरबॅकने स्वतःच गुडघा टेकायला हवा होता. काकांचं म्हणणं, “अगं, कॉलेजातला पोरगा तो. प्रशिक्षकाने सांगितलेलं मोडलं आणि काही बिघडलं तर त्याचं काय होईल?” यावर दोघांचं अजून पटलेलं नाही. मी या बाबतीत काकांच्या बाजूचा.

आणखी मागचा एक क्षण आहे, तो मायामीतला नव्हे. २२ सप्टेंबर २०१८. क्रिस्टोबाल तेव्हा ऑरेगनचे प्रशिक्षक. युजीनमध्ये, घरच्या मैदानावर, स्टॅनफर्डविरुद्ध ऑरेगन ३१-२८ असे पुढे, शेवटचं मिनिट, चेंडू हातात. तिथेही धाव, तिथेही फंबल. स्टॅनफर्डने फील्ड गोल मारून बरोबरी साधली आणि जादा वेळेत ३८-३१ असा सामना नेला. त्या वेळचं गणित मायामीइतकं सोपं नव्हतं, ही बाजू सांगायला हवी. पण म्हणूनच त्या वेळी बसून एक कोष्टक करून ठेवायला हवं होतं. हे मी काकांना म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले.

काय वेगळं करता आलं असतं

कोष्टक ही काही नवी गोष्ट नाही. उभ्या बाजूला समोरच्याचे उरलेले टाइमआऊट, आडव्या बाजूला डाऊन, चौकटीत सेकंद. समोरच्याकडे टाइमआऊट शून्य आणि आपला पहिला डाऊन, तर तीनदा गुडघा टेकून ढोबळमानाने दोन मिनिटं निघतात. दुसरा डाऊन असेल तर ऐंशीच्या आसपास सेकंद. तिसरा असेल तर चाळीस. ३३ त्या चौकटीत आरामात बसतात. असा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून एकाच्या हातात द्यायचा आणि त्याला शेवटच्या तीन मिनिटांत दुसरं काही काम द्यायचं नाही. त्याने “टेका” म्हटलं की वाद न घालता टेकायचं. ज्याने डाव मागवायचा त्यानेच घड्याळ पाहायचं, असं करू नये. त्याचं लक्ष समोरच्या रचनेवर असतं आणि तिथेच असायला हवं.

बचावासाठीही हेच. चेंडू अचानक परत गेला तर पहिल्या दहा सेकंदांत कोण कुठे उभं राहणार, हे आधी ठरलेलं हवं. पण खरं सांगतो, या भागात मला फार गती नाही.

निकाल

पुढच्याच आठवड्यात मायामी नॉर्थ कॅरोलायनाकडून ४१-३१ अशी हरली. मग क्लेमसनला दोनदा जादा वेळ खेळून २८-२० असं हरवलं. हंगामअखेर हिशेब सात विजय, सहा पराभव. गंमत म्हणजे जॉर्जिया टेकचाही नेमका तोच. क्रिस्टोबाल यांची नोकरी गेली नाही. २०२४मध्ये त्यांनी पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले आणि दहावा ९ नोव्हेंबरला अटलांटात गमावला, २८-२३, जॉर्जिया टेककडूनच. त्या दिवशी काका आमच्यात बसले नव्हते.

आमच्यात गुडघा टेकण्याला आता ‘निदान’ म्हणतात. कुठलाही संघ पुढे असला आणि घड्याळ एका मिनिटाच्या आत आलं की सांगलीचा मित्र सोफ्यावरून पुढे सरकून बसतो आणि समोरचे टाइमआऊट मोजायला लागतो. बाकीचं त्याला अजूनही फारसं कळत नाही.